कचेरीची मराठी

आमच्या तळोद्याच्या शाळेत तोंडून 'शे' निघालं की छडी बसायची, 'आहे' म्हणायचं. घरी सगळं उलटं. तिथं कुणी 'आहे' म्हणालं की आईचे कान टवकारायचे. शाळेत अहिराणी म्हणजे अशुद्ध, आणि घरात शुद्ध मराठी म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं.

याला कारण वडील. ते कचेरीत कारकून. एरवी घरात सरळ अहिराणी बोलायचे, पण पत्ते कुटून उशिरा आले की म्हणायचे, "आज कार्यालयात कामाचा फार ताण होता." आई ताट जरा आपटून ठेवायची.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्या वर्षी माझं लग्न काढलं. वडिलांच्या साहेबांनी आपल्या नात्यातलं अक्कलकुव्याचं स्थळ सुचवलं. वडील मुलगा बघून आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "मंडळी अत्यंत सुसंस्कृत आहेत. मुलगा होतकरू आहे. आपण विलंब करू नये."

आई कळण्याची भाकर थापत होती. तिचा हात थांबला. मी दाराआड उभी होते. मला कुणी काही विचारलं नव्हतंच. पण 'सुसंस्कृत' ऐकून माझेही कान टवकारले.

"तेच आपली बोलीमा सांगा," आई म्हणाली.

वडील उगाच हसले. "पोरगा चांगला शे," इथवर आले आणि अडले. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी आई त्यांच्याकडेच बघत होती. शेवटी ते खाली मान घालून म्हणाले, "त्याले पह्यली बायको शे. माहेरले धाडी देयेल शे. साहेबले नाही कसं म्हनू?"

"मी म्हनस," आई म्हणाली आणि भाकर उलटली.

स्थळ मोडलं. साहेबांनी वडिलांशी बोलणं टाकलं. आईला त्याची फिकीर नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

पुढे तिनं मला शहाद्याच्या एका मास्तरांना दिलं. मूळचे नाशिककडचे. निर्व्यसनी, मायाळू, आईनं चार ठिकाणी चौकशी केली, कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. पण हे सकाळी उठल्यापासून दिवा मालवेपर्यंत शुद्धच बोलायचे. भाजी उत्तम झाली आहे म्हणायचे. बाहेरगावाहून आले की, तुझी फार आठवण येत होती म्हणायचे. मला बरं वाटायचं, आणि लगेच ओठांवर यायचं, तेच आपल्या बोलीत सांगा.

त्यांना ती येतच नव्हती.