वेबसाइटवरचं आमचं घर

तुम्ही कुठले, या प्रश्नाला मी आजवर एका दमात उत्तर दिलेलं नाही. राहायला बंगलोरच्या चामराजपेटात. घरात मराठी. पणजोबांच्याही आधी आमचं कोण कुठल्या गावाहून इथे आलं, ते विचारायला आता कोणी उरलेलं नाही. बाबांचं मार्केटजवळ कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकांशी कन्नड, आईशी मराठी आणि भांडण दोन्हींत. नवरात्रात आमच्या हॉलमध्ये म्हैसूरच्या रीतीप्रमाणे पायऱ्या रचून गोंबे, म्हणजे बाहुल्या मांडायच्या, मधोमध लाकडी राजा-राणी. आणि त्याच पायऱ्यांच्या तळाशी, पत्रावळीवरच्या मातीत, आमचा घट. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगाचं नवरात्र असंच असतं.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले. आम्ही पर्यटनाच्या वेबसाइट बनवायचो. साहेब पुण्याचा, माझ्याहून थोडाच मोठा, आणि माझ्या मराठीला हसणारा. मी 'जरा थांबा'ऐवजी कन्नड वळणाने 'स्वल्प थांबा' म्हटलं की त्याला ते दिवसभर पुरायचं. बंगलोरची पानं लिहायचं काम माझ्याकडे होतं. त्याला हवं होतं ते बागा, पब आणि कंप्यूटरचं बंगलोर. मी यशवंतपूरचा ठोक बाजार लिहिला, तो त्याने काढला. चामराजपेट लिहिलं, तेही काढलं.

"परदेशी माणूस कांद्याची पोती बघायला येणारे का?" तो म्हणाला. त्याचं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर मी जास्त चिडायचे. टेबलाखाली माझा पाय सारखा हलत असायचा. संध्याकाळी बसमधून घरी जाताना बाहेर बघितलं की वाटायचं, मी दिवसभर लिहिते ते गाव कुठलं आणि हे कुठलं?

शेवटी दसऱ्याच्या पानासाठी आमच्या घरच्या बाहुल्यांचा फोटो घेऊ, असं त्यानेच सुचवलं. मी हरखून गेले. आमची एक तरी गोष्ट त्या पानांवर जाणार होती.

तिसऱ्या माळेला तो कॅमेरा घेऊन आला. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, मागे सरकला, पुन्हा बघितलं.

"काकू, तो घट जरा बाजूला घेता येईल का?"

"अय्यो, बसलेला घट हलवतात होय? तुमच्या घरी बसत नाही का?"

"बसतो ना काकू. पण तो पुण्यात. इथे लोक बंगलोर बघायला येतात."

पुण्यात असला तर देव, आमच्याकडे असला की अडचण! मी दात आवळून उभी राहिले. त्याने कान पकडले, घटाला नमस्कार केला आणि होता तसा फोटो काढला. मला वाटलं, आम्ही जिंकलो.

फोटो ऑफिसात स्कॅन झाला आणि साहेबाने माऊसने त्याची खालची कड वर ओढली. दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नसतो तो घट माझ्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. फोटोखाली मी 'चामराजपेटातलं मराठी कुटुंब' असं लिहिलं होतं. ते खोडून त्याने लिहिलं, 'जुन्या बंगलोरमधलं अस्सल कन्नड घर'. मी कडाकडा भांडले.

"अगं, वाचणाऱ्याचा गोंधळ होतो," तो म्हणाला. "एका घराला एक ओळख पुरे."

त्या पानाची रंगीत प्रत मी घरी नेली, ती आईने रागवावं म्हणून. पण तिने ती कपाटाला चिकटवली आणि शेजारच्या अक्कांना बोलावून बोलावून दाखवली. आपलं घर अमेरिकेत दिसतंय! घट गेलाय हे तिला दिसलं की नाही, कोण जाणे. मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते. तो कागद टराटरा फाडावासा वाटत होता.

पुढच्या नवरात्रात एक परदेशी जोडपं दारात उभं राहिलं. साहेबाने मला न विचारता पत्ता दिला होता. त्यांच्या हातात तेच पान छापलेलं. ते एकदा पानाकडे बघत, एकदा पायऱ्यांकडे. बाईने घटाकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. आईने मोठ्या कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, सांग म्हणून. मी सांगू लागले, आम्ही मराठी, आमचे पूर्वज फार वर्षांपूर्वी इथे आले. त्यांनी पान पुन्हा वाचलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं, आम्ही बरोबर घरी आलोय ना?

आईला इंग्रजी जेमतेम कळायचं. हा प्रश्न मात्र कळला. "यस, यस, सेम हाउस," ती म्हणाली, आणि त्यांना फोटो काढता यावा म्हणून निऱ्या पसरून घटाच्या पुढ्यात उभी राहिली. ते जाईपर्यंत ती तिथून हलली नाही. मला रडू आलं, आणि रडण्याचाही संताप आला.

त्याच्या पुढच्या वर्षी आणखी पाहुणे येणार होते. घट बसायच्या आदल्या दिवशी दुपारी आईचा ऑफिसात फोन आला.

"अगं, त्या पानावर बघून सांग बाई, राजा-राणीच्या डाव्या हाताला काय मांडलं होतं? मला आठवेना. घरातल्या कागदाचा रंग पार उडालाय."

मी पान उघडलं. चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागलं. डावीकडे शेट्टी-शेट्टम्मा, दुकान मांडून बसलेले वाणी-वाणीण, मी सांगितलं. त्याखाली लग्नाची वरात. आपल्याच हॉलमध्ये उभी राहून आई आपलं घर माझ्याकडून ऐकत होती.

"आणि सगळ्यात खाली?"

चित्र तिथेच संपलं होतं. "घट तिथेच बसव, आई!" मी इतक्या जोरात ओरडले की साहेबाने मान वर केली.

"ओरडतेस कशाला? बसवते की, स्वयंपाकघरात," आई म्हणाली. "देवीला काय, कुठंही चालतं. माणसं लांबून येतात गं. त्यांना घर चुकल्यासारखं वाटू नये."