पाटावरची डिग्री

अमेरिकेत, ॲशबर्नच्या आमच्या घरात दसऱ्याला पाटावर पुस्तकं, लॅपटॉप आणि माझी फ्रेम केलेली एम.एस.ची डिग्री मांडतात. ही पद्धत मीच पाडली. शस्त्रपूजेला माझं शस्त्र हेच, असं मी आल्यागेल्याला दरवर्षी ऐकवायचो.

एका दसऱ्याला बायकोने डिग्रीशेजारी घरच्या प्रिंटरवर छापलेला कागद ठेवला. ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट. माझ्या व्हिसावर ती आली तेव्हा तिला नोकरीची परवानगी नव्हती. लेकीला शाळेत सोडून आली, की पोळ्यांच्या डब्याला लॅपटॉप टेकवून ती रोज कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकायची. नागपूरची मराठीतली बी.ए.! मला हसू यायचं.

"अगं, हा छापलेला कागद आहे," मी म्हणालो. तिने तो निमूट उचलला.

खरं सांगायचं तर मी जळत होतो. बर्फातून बस पकडत, लायब्ररीत पुस्तकं लावत मी दोन वर्षं घासली आणि ही पायजम्यात बसून तेच शिकत होती. एकदा तर माझ्या स्क्रीनकडे नुसतं बघून तिने माझी चूक दाखवली. चूक होतीच. दोन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

मग तिची परवानगी आली. रेझ्युमे माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "बघ ना यार, काय चेंज करू?"

"सर्टिफिकेट्स सगळी काढ. इथे कोणी सिरियसली घेत नाही. बी.ए. सगळ्यात वर टाक."

मी स्वतः लोकांचे इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळे तिने विश्वास ठेवला. चार महिने एकही फोन आला नाही. तिचा चेहरा रोज थोडा उतरायचा आणि मी तिची समजूत घालायचो. समजूत घालताना मला फार बरं वाटायचं, हे लिहितानाही लाज वाटते.

एका शनिवारी चहा पिता पिता तिने फोन माझ्यापुढे धरला. आमच्या ऑफिसमधल्या नोकरीची जाहिरात होती, मॅनेजर म्हणून खाली माझं नाव.

"डिग्री नसली तर सर्टिफिकेट्स चालतील, असं लिहिलंय. हे तू लिहिलंस?"

मी हो म्हणालो. तिने कप विसळून ठेवला आणि रेझ्युमे उघडून काढलेली सगळी सर्टिफिकेट्स परत घातली. महिनाभरात तिला एका डेटा सेंटरमध्ये नोकरी लागली.

पुढच्या दसऱ्याला, ऑफिसला निघायच्या आधी, तिनेच पाट मांडला. माझी फ्रेम पुसली, हळदकुंकू वाहिलं.

"तुझं सर्टिफिकेट?" मी विचारलं.

"राहू दे," गाडीची किल्ली उचलत ती म्हणाली, "छापलेला कागद आहे तो."