गल्लीच्या नावाचा गंज

बायको गेली तेव्हापासून घरात चहा झाला नव्हता. शेवटी चहापत्ती आणायला मी महाल भागातल्या किराणा दुकानात गेलो. त्या वर्षी एका चहाची स्कीम होती. रिकामे पुडे परत करा, स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, फुकट न्या. माझ्यापुढे एक ठेंगणी बाई होती. तिनं थैलीभर पुडे ओतले, गंज घेतला, बोटानं वाजवला, पदरानं पुसला आणि त्यात तोंड पाहून हसली.

दुकानदार म्हणाला, "बाई, हा चहा महाग. साधा चहा प्याली असती तर उरल्या पैशात दोन गंज आले असते."

"आले असते नं. पण मी एकटी, एवढे पुडे सरतीन कसे? म्हणून साऱ्या गल्लीले पाजला. जिनं नळावरच्या भांडणापासून बोलणं टाकलं होतं, तीही येऊन बसली."

भांड्यांवर नावं घालणारा दारातच बसला होता. त्यानं विचारलं, "कोणाचं नाव घालू?"

"गल्लीचं घाल."

मी सरळ त्या बाईलाच विचारलं, "मीही एकटाच आहो. मले परवडन का हा चहा?"

"एकट्याले नाही परवडत, भाऊ. दार उघडं ठेवा."

मी त्याच चहाचा पुडा घेतला. संध्याकाळी शेजारच्या दोघांना हाक मारली. चहा मी भिकार केला होता. दोघं त्याला नावं ठेवत दिवे लागेपर्यंत बसले, अन् जाताना उद्या किती वाजता यायचं ते विचारून गेले.