खिशातले सेल

बेटमा गावातल्या एका जमिनीच्या मापात मी फसलो, तेव्हापासून स्वतः माप घ्यायला एक जुनं, हातात धरायचं जीपीएस जवळ बाळगतो. ते जीपच्या बॅटरीवर चालावं म्हणून राजवाड्यामागे दुरुस्तीला बसणाऱ्या एका माणसाकडून घरगुती केबल करून घेतली. तो बंद पडलेल्या मिलमधला वायरमन होता. त्यानं आधी यंत्रातले सेल काढले आणि स्वतःच्या खिशात टाकले.

मी भडकलो. "सेल इकडे द्या!"

"भिया, मिलमध्ये फ्यूज काढून खिशात ठेवूनच आम्ही तारेला हात लावायचो. कोणी पीछे से बटन दबा दिया, तर माणूस जायचा. इथे सेल आत राहिले, तर तुमची मशीन जाईल."

केबल जोडताच पडदा उजळला. त्यानं सेल परत दिले. ते माझेच आहेत का, हे मी उलटसुलट करून तपासलं. माझं तपासून होईपर्यंत तो मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिला.