सरांनी सही केलेली बाळंतीण

आमच्या लॅबमध्ये किस्से उंदरांसारखे वाढतात. दोन सोडले की महिन्याभरात दहा होतात, आणि कुठला कुणाचा ते कळत नाही.

लॅब वाशीत. बाळंतपणानंतर गर्भाशयात जंतू शिरून ताप येतो, त्याचा अभ्यास आम्ही उंदरांच्या माद्यांवर करतो. मी टेक्निशियन. वर सर. पिंजरे सांभाळतात यमुनाबाई, न्हावा शेव्याकडच्या गावच्या, स्वतः चार बाळंतपणं काढलेल्या.

*

अशा उंदरांना 'ॲनिमल मॉडेल' म्हणतात. कामोठ्याला आमच्या सोसायटीत मी एकदा नुसतं 'मॉडेल' बोलून गेले. तेव्हापासून शेजारच्या काकू लिफ्टमध्ये विचारायच्या, "तुमच्या मॉडेल्स डाएटला काय खातात गं?"

"दाणे. कधीकधी स्वतःची पिल्लं."

हल्ली काकू जिन्याने जातात.

*

माद्यांच्या खोलीत एसी, आमच्या खोलीत पंखा. यमुनाबाईंनी माद्यांच्या दारावर पाटी लावली: 'बालंतिनी हायेत. गप ऱ्हावा.' तिथे सर चवड्यांवर चालतात. ओरडायला आमच्या खोलीत येतात.

*

पाचव्या दिवशी सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून यमुनाबाई पिंजऱ्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवतात. नेमकी तपासणी आली.

"हा तक्ता कोरा का?" तपासणीच्या साहेबांनी विचारलं.

"सटवाई भरंल," यमुनाबाई म्हणाल्या.

साहेबांनी शेरा लिहिला: 'तक्ते श्रीमती सटवाई भरतात.'

*

सर सही करताना वाचत नाहीत. गणपतीत मी मागणीच्या यादीत घुसवलं, 'उंदरांसाठी उकडीचे मोदक, एकवीस'. मंजूर! उंदरांना एकही मिळाला नाही.

*

सायली आमची पीएचडीची मुलगी. ती बाळंत झाली आणि सरांनी पंधराव्या दिवशी तिला कामावर बोलावलं.

"सर, अंगात ताकद नाही हो."

"आपली मादी दुसऱ्या दिवशी पिंजराभर फिरते."

मी तिथेच उभी होते. मान खाली घालून आकडे लिहीत राहिले, त्याची आजही लाज वाटते.

आली बिचारी. दोन दिवसांनी डबा न उघडता खिडकीपाशी बसून होती. सर शेजारून दोनदा गेले, हातात माद्यांच्या तापाचे आकडे घेऊन. यमुनाबाईंनी मात्र तिच्या कपाळाला हात लावला.

आमच्याकडे नियम आहे. मादी फारच आजारी दिसली की तक्ता भरायचा, आणि सरांची सही झाली की तिला त्याच क्षणी प्रयोगातून काढून डॉक्टरकडे न्यायचं. यमुनाबाईंनी कोरा तक्ता माझ्यापुढे ठेवला.

"लिव. बालंतीन, सतरावा दिस. जागा, खिडकीजवल. अंग आखडून बसलीय. खात नाय. अंग तापलंय. पिल्लू जवल नाय."

सरांनी फोनवर बोलता बोलता सही केली. यमुनाबाईंनी सायलीला रिक्षात घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. गर्भाशयात जंतू शिरले होते, म्हणजे आमचाच विषय. अजून एक दिवस गेला असता तर कठीण होतं, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर तणतणत आले. "सायली कुणाच्या परवानगीने गेली?"

यमुनाबाईंनी तक्ता पुढे केला. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटपर्यंत वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगदी सगळी लक्षणं आहेत! ही मादी कुठल्या पिंजऱ्यातली?"

"तुमच्याच," यमुनाबाई म्हणाल्या.