स्टुलावरून न उठणारा औषधवाला

आमच्या सदाशिव पेठेतला औषधवाला स्टुलावरून कधीच उठत नाही. मान वर न करता "काय?" एवढंच विचारतो.

दोन वर्षांच्या नातीला पंधरा दिवस जुलाब होत होते. तिला कडेवर घेऊन मी म्हणालो, "जुलाब थांबवायची गोळी द्या. पोटाला आराम म्हणून दूध-भातही बंद केलाय."

"उपास आपणच सांगितलात वाटतं, आजोबा?"

आणि तो चक्क उठला. बाहेर येऊन त्यानं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"अहो, पाणीच उरलं नाही हिच्या अंगात!"

दुकान उघडं टाकून तो रिक्षा अडवायला धावला. मी तिचा फ्रॉक पोटावर खाली ओढला. त्याच पोटावर, बेंबीभोवती, मी रोज जायफळ उगाळून लावत होतो; तरी ती कातडी माझ्या बोटांना कळली नव्हती.