बाहेरून कुलूप लावलेला वर्षावास

तो प्रसंग अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलातल्या गस्ती केल्या. पण कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हणालं, की मला आधी एका विदेशी भिक्खूची केस आठवते. तिच्यात रक्त सांडलं नाही आणि चोरीही झाली नाही. तरी ती केस लिहिताना आजही हात जड होतो.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलाच, वारासिवनीकडचा. घरची भाषा मराठी, पण सगळी नोकरी हिंदीत रोजनामचा लिहिण्यात गेली. त्यामुळे मध्येच हिंदी शब्द डोकावले तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. तेव्हा मी खैरलांजीकडच्या, म्हणजे भंडाऱ्याच्या नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या खैरलांजीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत धानाची शेती, पलीकडे महाराष्ट्र आणि गावोगाव सोयरिकी नागपूर-भंडाऱ्याच्या. लोक शांत, पण पोलीस दिसला की कमी बोलणारे.

तिथल्या एका गावात बौद्ध वस्तीचा छोटा विहार होता. ज्येष्ठ महिन्यात तिथे पूर्वेकडच्या एका बौद्ध देशातला भिक्खू येऊन उतरला. देशाचं नाव लिहीत नाही. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं किरकोळ, मोडकीतोडकी हिंदी बोलणारा. सगळे त्याला भंतेजी म्हणत.

विदेशी माणूस लॉजवर उतरो, घरी उतरो की विहारात, ठेवून घेणाऱ्याने चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरायचा असतो. विहार समितीच्या अध्यक्षाने तो वारासिवनीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून वेळेत भरला होता. मी स्वतः जाऊन पासपोर्ट पाहिला. टुरिस्ट व्हिसा, मुदत एक वर्ष. अध्यक्षाचं गावात किराण्याचं दुकान होतं. तो खूश होऊन म्हणाला, "सालभर आता टेन्शन नाई, साहेब."

मी त्याला समजावलं. व्हिसा वर्षभर चालतो म्हणजे वर्षभर राहता येतं असं नाही. एका खेपेला नव्वद दिवस राहायचं, मग देशाबाहेर जायचं. शिवाय या व्हिसावर धर्माचं प्रवचन करता येत नाही.

"प्रवचन काय करन, साहेब? त्याले हिंदीच येत नाई," अध्यक्ष म्हणाला. "अन् नव्वदचं काय, वाढवून घेऊ."

आमच्या भागातल्या माणसाचा तारखेवर विश्वास नसतो. त्यात त्याची चूक नाही. धान विक्रीच्या नोंदणीची शेवटची तारीख वाढते, रेशन कार्डाच्या केवायसीची वाढते, वीजबिलाच्या सवलतीची वाढते. शेवटची तारीख ही शेवटची नसते, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. व्हिसाची तारीखही त्यातलीच, असं ते धरून चालले.

भंतेजी का आले होते, तेही तेव्हाच कळलं. गावातल्या एका आजीचा एकुलता मुलगा बिहारकडे यात्रेकरूंची गाडी चालवायचा. तिथे त्याची या भिक्खूशी ओळख झाली. एकदा माझ्या गावी वर्षावासाला या, असं त्यानं आमंत्रण दिलं आणि भिक्खूनं हो म्हटलं. पुढं तो मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. दिलेला शब्द पाळायला भिक्खू तरीही आला, आणि मुलाच्या पहिल्या स्मृतिदिनाला हजर राहता यावं म्हणून महिनाभर आधी आला.

वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूनं एकाच ठिकाणी राहायचं व्रत. तीन महिने मुक्काम हलवायचा नाही. मी नंतर कितीदा तरी मनात हिशेब केला. सरकारचे नव्वद दिवस आणि वर्षावासाचे तीन महिने, दोन्ही जवळजवळ सारखेच. तो पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आला असता, तर दोन्ही नियम एकमेकांत बसले असते. पण तो आजींच्या दुःखासाठी आधी आला आणि तिथेच घोटाळा झाला.

भाद्रपदात त्याची मुदत संपली. अध्यक्षानं ठाण्यात येऊन सांगितलं की भंतेजी बसने नागपूरला गेले, तिथून आपल्या देशात जातील. मी तसं वर कळवलं. पुढं आठवड्याभरात माझ्या मोबाइलवर निनावी फोन आला. बोलणारा हिंदीत एवढंच म्हणाला, "साहब, वो भंते गया नहीं है. गाँव में ही है." आणि फोन ठेवला. असे फोन बहुतेक वेळा भाऊबंदकीतून येतात. पण आमच्या जिल्ह्यात बाहेरचा माणूस लपून राहिलाय म्हटल्यावर कानाडोळा करता येत नाही. जंगलपट्टीतल्या नक्षलवादाच्या भानगडींनी आम्हाला ते शिकवलं होतं.

प्रधान आरक्षकाला, म्हणजे तुमच्याकडच्या हवालदाराला घेऊन मी गावात गेलो. विहाराला बाहेरून कुलूप होतं. एकेकाला बोलावून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एक, "गेले ना, साहेब." कोणत्या बसने, तर एकच बस. कोण सोडायला गेलं, तर एकच माणूस, अध्यक्ष. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. खऱ्या गोष्टीत माणसं चुकतात. एक सकाळ म्हणतो, दुसरा दुपार म्हणतो. इथे अख्खी वस्ती पाढे म्हटल्यासारखी एका सुरात बोलत होती.

आजींनाही विचारलं. बारीक अंगाच्या, पांढरं लुगडं, आवाज ठाम. "गेले जी. रडू नको म्हनले अन् गेले." मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी नजर हटवली नाही. पोलिसात असं मानतात की खोटं बोलणारा नजर चोरतो. मी तेव्हापासून ते मानणं सोडलं.

हात हलवत परत निघालो. गावाबाहेर पिंपळाखाली हवालदार पान खायला थांबला. तेवढ्यात आजी दुरून डबा घेऊन जाताना दिसल्या. हवालदार सहज म्हणाला, "शेतावर चालल्या असतील." मला ते पटेना. आमच्याकडे निंदणाच्या दिवसांत शेतावरचं जेवण दीड-दोनला जातं. आता तर अकराही वाजले नव्हते. आणि भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाही, हे मला पासपोर्ट तपासायला गेलो होतो त्या दिवसापासून ठाऊक होतं. तेव्हा दुपार टळली होती; त्यानं मला चहा दिला आणि स्वतः फक्त पाणी घेतलं होतं.

आम्ही चालतच मागे गेलो. आजी विहाराच्या मागच्या दाराचं कुलूप काढत होत्या. मला पाहून त्यांचा हात तिथेच थांबला. आत भंतेजी चटईवर ताठ बसले होते, समोर रिकामं भिक्षापात्र. मला पाहून ते चक्क आनंदानं हसले.

त्यांना काहीच माहीत नव्हतं.

त्यांची चौकशी विहारातच केली. ठाण्यात न्यायची मला गरज वाटली नाही. मी विचारलं, मुदत संपली, मग तुम्ही इथे कसे? ते म्हणाले, "एक्स्टेंशन हो गया. माताजी ने बताया." बाहेरून कुलूप का, तर म्हणाले, "ध्यान के लिए. गाँव बहुत अच्छा. कोई डिस्टर्ब नहीं करता."

अध्यक्षाला बोलावलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. भंतेजींनी कागदाचं काम विश्वासानं समितीवर सोपवलं होतं. अध्यक्ष पासपोर्ट घेऊन बालाघाटला गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं की अर्ज ऑनलाइन करायचा असतो, पण टुरिस्ट व्हिसा असा वाढत नाही. आजारपण किंवा तसंच काही संकट असेल तर गोष्ट वेगळी. तो तोंड पाडून गावात आला. आजी बसथांब्यावरच वाट पाहत होत्या.

"मंग मीच म्हनलं," आजी म्हणाल्या. त्या दारातच उभ्या होत्या. "अध्यक्षाले म्हनलं, तू काही बोलू नको. भंतेजीले मी सांगतो. वाढला म्हनून सांगतलं. मीच खोटी बोलली, साहेब. गावाचा काही दोष नाई."

"काहून, आजी?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं. त्या वेळी ठाणेदाराची हिंदी तोंडातून निघेना.

"माह्या पोराचा शब्द होता जी. तीन महिने राहा म्हने. तो तं गेला. शब्द तरी पुरा होऊ द्यावा म्हनलं. चार हफ्तेच राह्यले होते." मग म्हणाल्या, "भंतेजीले खरं सांगतलं असतं तं ते एक दिवस थांबले नसते. मले ठाऊक होतं."

आता सांगायचं काम माझं होतं. मी भंतेजींना सोप्या हिंदीत सगळं सांगितलं. मुदत वाढलेली नाही. तुम्ही नकळत बेकायदा राहत आहात. दंड होईल, देश सोडण्याची परवानगी घ्यावी लागेल आणि कदाचित पुन्हा व्हिसा मिळणार नाही. ते ऐकत राहिले. मग एकच प्रश्न विचारला, "माताजी को मालूम था?"

मी हो म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. दारात उभ्या आजींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता.

खरं सांगतो, त्या क्षणी मी पोलीस राहिलो नव्हतो. मी त्यांना वाट दाखवली. अर्ज ऑनलाइन जाईल, वरून विचारणा होईल, अहवाल लिहायला मला वेळ लागेल. कागद थोडा हळू चालला तर आश्विन पौर्णिमा इथेच होऊन जाईल. कोणालाही ते वावगं दिसलं नसतं.

भंतेजींनी हात जोडले. "नहीं, साहब. अब मालूम है. आप मेरे लिए झूठ मत लिखिए." नियमानं एवढ्या कसोशीनं चालणारा माणूस मला खात्यातही क्वचित भेटला होता.

मी वर फोन केला, साहेबांना सगळं सांगितलं. अटक करू नका, बालाघाटला आणून ठेवा, प्रवासाचा कागद निघेपर्यंत नजरेखाली राहू द्या, असं ठरलं. आजी आणि अध्यक्ष यांना कडक समज देऊन सोडावं, असं मी अहवालात लिहिलं आणि ते मान्य झालं.

निघण्यापूर्वी भंतेजींनी एकच मागणं केलं, वस्तीला एकदा पंचशील द्यायचं आहे. मी परवानगी दिली. निंदण सोडून चिखलाच्या पायांनी बायका आल्या, पुरुष आले. सगळे विहारात दाटीनं बसले आणि मी दाराशी उभा राहिलो. ते एकेक शील पालीत म्हणत आणि वस्ती मागून म्हणे. हत्या न करण्याचं झालं, चोरी न करण्याचं झालं, तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यांनी ते म्हटलं आणि मागून आवाजच आला नाही. माझ्यासमोर एका सुरात खोटं बोललेली ती सगळी माणसं माना खाली घालून बसली होती.

भंतेजी थांबले. पुन्हा म्हणाले नाहीत, पुढंही गेले नाहीत. आजींकडे पाहत नुसते बसून राहिले. त्या नजरेत राग नव्हता. शेवटी आजींनी एकटीनं, फाटक्या आवाजात ते शील म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. मी हिंदू घरातला, मला पाली येत नाही, पण मी टोपी काढून हातात घेतली. गाडीत बसताना त्यांनी आजींच्या डोक्यावर हात ठेवला नाही, त्यांच्यात बाईला स्पर्श करत नाहीत. फक्त म्हणाले, "आपका बेटा अच्छा था, माताजी. उसका शब्द मैंने रखा. जितना हुआ."

काही दिवसांनी कागद निघाला आणि ते गेले.

या केसनं मला काय शिकवलं, असं अनेकदा विचारतात. गुन्हेगार स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, म्हणून कुठेतरी घाबरतो आणि तिथे आपण त्याला पकडतो. ज्याला स्वतःसाठी काहीच नको असतं, त्याचं खोटं पकडणं फार अवघड जातं. आणि ते ज्याच्यासाठी बोललेलं असतं, त्यालाच सगळ्यात जास्त लागतं. आजींनी लेकाचा शब्द वाचवायला कुलूप लावलं आणि त्या कुलपानंच पुढच्या वर्षांची वाट बंद झाली. त्या वेळी खरं सांगितलं असतं, तर ते निघून गेले असते आणि पुढल्या आषाढाला पुन्हा आले असते.

पुढच्या पावसाळ्यात आजी ठाण्यात आल्या. बसनं, एकट्या. माझ्या टेबलासमोर बसायला सांगितलं तरी उभ्याच राहिल्या.

"साहेब, भंतेजीचा फोन आलता. त्यायनं अर्ज केला, तं नामंजूर झाला म्हने. आता पुन्हा करतील. तुमाले काय वाटते, येऊ देतील का?"

मला सगळं ठाऊक होतं. एकदा मुदत मोडल्याची नोंद झाली, की पुढचा अर्ज कसा पाहिला जातो, ते मी जाणत होतो. 'येतील, आजी, पुढच्या वर्षी नक्की येतील' हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. ते बोलणं फार सोपं होतं आणि म्हातारीला त्यावर आणखी एक वर्ष काढता आलं असतं.

"मला वाटत नाही, आजी," मी म्हणालो.

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"हौ," त्या म्हणाल्या. "खरं सांगतलं ते बरं केलं, बापू." आणि गावाकडची बस पकडायला निघून गेल्या.